एकच जागा, दोन पॉइंटर: सी कंपायलरला खात्री कशी द्यायची?

चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल म्हटलं की धान आणि राईस मिल, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. पोत्यांची वजनं एका ॲरेमध्ये आहेत, भाव एका पॉइंटरमधून मिळतो आणि प्रत्येक पोत्याची किंमत दुसऱ्या ॲरेत लिहायची आहे. सगळं फ्लोट. लूप एका ओळीचा: वजन गुणिले भाव.

आपल्याला वाटतं, भाव एकदा वाचला की झालं. पण भावाचा पॉइंटर किमतीच्या ॲरेतल्याच एखाद्या घराकडे बोट दाखवत असेल तर? त्या घरात किंमत लिहिली की पुढच्या पोत्याचा भावच बदलला! यालाच एलियसिंग म्हणतात. असं मुद्दाम कोण करणार? पण सीच्या नियमात ते बसतं. त्यामुळे कंपायलर दर फेरीला भाव पुन्हा वाचतो आणि चार-आठ पोती एकदम हिशोबात घ्यायला कचरतो. जीसीसी कधी कधी लूपच्या दोन आवृत्त्या बनवतो आणि प्रोग्राम चालताना पत्ते तपासून एक निवडतो, पण ती तपासणीही फुकट नसते.

१९९९ च्या सी मानकात यासाठी ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द आला. पॉइंटरच्या घोषणेत तारांकनानंतर तो लिहिला, की ‘या पॉइंटरने जे बदलेन, त्याला दुसऱ्या वाटेने हात लावणार नाही’ असं वचन तुम्ही दिलं. एकाच लूपपुरतं सांगायचं असेल तर जीसीसी ४.९ पासून ‘आयव्हीडेप’ हा प्राग्मा आहे. तो त्या लूपच्या अगदी वर लिहायचा.

कंपायलर हे वचन तपासत बसत नाही. ते मोडलं तर एरर येईलच असं नाही, उत्तर गुपचूप चुकतं. ‘मेमकॉपी’ला दिलेल्या दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात, ही अटही याच जातीची. २०१० मध्ये फेडोरा १४ वर ग्लिबसीच्या नव्या मेमकॉपीने कॉपी करायचा क्रम बदलला आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला. फ्लॅशने ती अट पाळलीच नव्हती. जुन्या क्रमात ते खपून जात होतं, एवढंच. तिथे ‘मेममूव्ह’ हवं होतं.

उलट दिशेचाही एक स्विच आहे. ओ-२ पातळीवर जीसीसी असं धरून चालतो, की इंट आणि फ्लोटचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत. ‘नो-स्ट्रिक्ट-एलियसिंग’ दिलं की तो हे गृहीत धरणं सोडतो. लिनक्स कर्नल याच स्विचने कंपाईल होतो. तुमचा जुना कोड ओ-० ला बरोबर आणि ओ-२ ला चूक उत्तर देत असेल, तर आधी हा स्विच लावून बघा.