स्पॅनिशची वाट, लेखांक ८ : चार रूपांवर उभं असलेलं ‘तेनेर’

मागच्या लेखात आब्लार, कोमेर आणि बिबिर या तीन क्रियापदांच्या आधारे आपण नियमित रूपांची घडण पाहिली. धातू जागचा हलत नाही आणि काळ व कर्ता यांप्रमाणे शेवटचे प्रत्यय तेवढे बदलतात, असा तो सरळ मामला होता. आज त्या घडणीत न मावणारं एक क्रियापद घेऊ : तेनेर, म्हणजे जवळ असणं. घर, पैसा, भावंडं यांच्याविषयी बोलताना तेनेर लागतंच. पण स्पॅनिश माणूस स्वतःचं वयही तेनेरनंच सांगतो, भूक, तहान आणि थंडीही तेनेरनंच सांगतो, आणि ‘जायलाच हवं’, ‘करायलाच हवं’ ही निकडसुद्धा ‘तेनेर के’ या जोडीनं व्यक्त करतो. शिकणाऱ्याचं पहिल्या आठवड्यापासून याच्यावाचून पान हलत नाही. आणि नेमकं हेच क्रियापद तक्त्यात भीतिदायक दिसतं. साध्या विधानाच्या पाच काळांत ३० रूपं, शिवाय इच्छा, शंका, अपेक्षा दाखवणाऱ्या, स्पॅनिश व्याकरणात ‘सुबखुंतिबो’ म्हटल्या जाणाऱ्या प्रकारात १८. अशी ४८ रूपं समोर आली की शिकणारा घोकंपट्टीला लागतो. माझं म्हणणं असं आहे की या ४८ रूपांपैकी खरोखर पाठ करावी लागतात ती चारच. बाकीची त्या चारांतून आणि मूळ ‘तेनेर’मधून निघतात. आणि ही चारसुद्धा लहरीनं घडलेली नाहीत. (स्पॅनिशमध्ये ‘व्ही’ या अक्षराचा उच्चार ‘ब’च्या जवळचा असतो, म्हणून इथली सगळी रूपं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

वर्तमानकाळापासून सुरुवात करू : तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. धातूतला ‘ते’ कुठं ‘तिए’ होतो आणि कुठं तसाच राहतो, हे प्रथमदर्शनी मनमानी वाटतं. पण प्रत्येक रूप मोठ्यानं म्हणून आघात कुठं पडतो ते पाहावं. तिएनेस, तिएने, तिएनेन या रूपांत जोर धातूवर आहे. तेनेमोस, तेनेइस यांत तो प्रत्ययावर सरकला आहे. लॅटिनमधला ऱ्हस्व ‘ए’ आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘इए’ झाला आणि आघात नसेल तिथं तो ‘ए’च राहिला. हा बदल क्रियापदांपुरता नव्हता, सगळ्या भाषेत झाला. या नियमाची कसोटी अर्जेंटिनात मिळते. ब्वेनोस आइरेसमध्ये समोरच्या माणसाला ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात आणि त्या सर्वनामाबरोबरच्या रूपात जोर शेवटच्या अक्षरावर असतो. धातूवरचा आघात गेला की ‘इए’ही जायला हवा, असं नियम सांगतो, आणि तिथली माणसं खरोखरच ‘बोस तेनेस’ म्हणतात, ‘तिएनेस’ नाही. ज्या बोलीचा विचारही केलेला नाही तिथलं रूप आधी सांगता येणं, ही नियमाची खरी परीक्षा आहे.

मग पहिल्या पुरुषी एकवचनात, धातूवर आघात असूनही, ‘तिएंगो’ का होत नाही, आणि मधला ‘ग’ आला कुठून? लॅटिनमध्ये हे रूप ‘तेनेओ’ होतं. बोलण्यात त्याचं ‘तेन्यो’ झालं आणि त्या ‘य’नं आधीच्या स्वराला ‘इए’ होऊ दिलं नाही. पोर्तुगीजमध्ये ही अवस्था आजही दिसते. तिथं ‘माझ्याजवळ आहे’ याला ‘तेन्यु’ म्हणतात. १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात ती भाषा शिकलेल्या जुन्या पिढीला हे रूप परकं वाटणार नाही. स्पॅनिशनं मात्र त्या जागी ‘ग’ घेतला, कारण जुन्या स्पॅनिशमध्ये काही क्रियापदांच्या पहिल्या पुरुषात मुळातच ‘ग’ होता. ‘तान्येर’ म्हणजे वाद्य वाजवणं. त्याची रूपं ‘तांगो, तान्येस’ अशी चालत. या जोडीच्या वळणावर तेनेरचं ‘तेंगो’ झालं आणि बेनिर (येणं) याचं ‘बेंगो’. पोनेर (ठेवणं) याच्या लॅटिन रूपात ‘य’ नव्हता की ‘ग’ नव्हता, तरी तेही ‘पोंगो’ झालं. पुढं ओइर (ऐकणं) आणि त्राएर (आणणं) यांची जुनी ‘ओयो’, ‘त्रायो’ ही रूपं जाऊन ‘ओइगो’, ‘त्राइगो’ आली. म्हणजे हा ‘ग’ एका क्रियापदाची विकृती नाही. शतकानुशतकं चालत राहिलेलं ते एक वळण आहे. शिकणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा फायदा असा की सुबखुंतिबोचा वर्तमान याच रूपावर उभा राहतो. तेंगोतला ‘ओ’ काढून तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान ही सहाही रूपं बिनचूक करता येतात.

भूतकाळाकडे वळलं की धक्का मोठा बसतो : तुबे, तुबिस्ते, तुबो, तुबिमोस, तुबिस्तेइस, तुबिएरोन. मूळ धातूतला ‘न’ इथं उरलेलाच नाही. लॅटिन रूप ‘तेनुइ’ असं होतं आणि इटालियनमधलं ‘तेन्नी’ त्याच्याशी असलेलं नातं लपवत नाही. स्पॅनिशनं वेगळी वाट धरली. आबेर हे सहायक क्रियापद लॅटिन ‘हाबेरे’पासून आलेलं आणि त्याचं भूतकाळी रूप जुन्या स्पॅनिशमध्ये ‘ओबे’ असं होतं. मध्ययुगात आबेर आणि तेनेर दोन्ही ‘जवळ असणं’ या अर्थानं वापरात होती, एकमेकांच्या जागी येत होती. त्या सहवासात तेनेरनं आबेरचं वळण उचललं आणि ‘तोबे’ झालं. पुढं ओबेचं उबे झालं तसं तोबेचं तुबे. एस्तार (असणं) आणि अंदार (चालणं) यांनीही तोच कित्ता गिरवला. त्यांची एस्तुबे, अंदुबे ही रूपं आजही पहिल्या धड्यांत भेटतात. या गटाची दुसरी खूण आघातात आहे. नियमित भूतकाळात ‘आब्ले’, ‘आब्लो’ यांचा जोर शेवटी असतो; ‘तुबे’, ‘तुबो’ यांचा मात्र धातूवर. पोदेर, पोनेर, साबेर, केरेर, आसेर, बेनिर ही रोजच्या वापरातली सगळी क्रियापदं भूतकाळात हेच प्रत्यय आणि हाच आघात घेतात. म्हणून तुबेची सहा रूपं एकदा तोंडात बसली की पुसे, सुपे, पुदे यांची वेगळी तयारी लागत नाही. शिवाय तुबिएरोन या रूपातून सुबखुंतिबोचा भूतकाळ निघतो, तोही तुबिएरा आणि तुबिएसे अशा दोन पर्यायांत.

भविष्यकाळातलं तेंद्रे हे चौथं रूप, आणि त्याचा उगम सर्वांत स्वच्छ दिसतो. स्पॅनिश भविष्यकाळ म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप आणि त्याला जोडलेला आबेरचा वर्तमानकाळ. आंतोनियो दे नेब्रिहा यानं १४९२ साली सालामांकात स्पॅनिशचं व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यातही हा काळ असाच उलगडून सांगितला आहे. त्या हिशेबानं तेनेर आणि ए मिळून ‘तेनेरे’ व्हायला हवं. आघात शेवटी असल्यानं मधला दुबळा स्वर गळला आणि ‘तेन्रे’ उरलं. ‘न’नंतर लगेच ‘र’ उच्चारायला जीभ वळते तेव्हा नाकाची वाट क्षणभर आधी बंद होते आणि मध्ये आपसूक ‘द’ ऐकू येतो. संस्कृत ‘वानर’चं आपल्या बोलींत ‘वांदर’ झालं ते याच कारणानं. स्पॅनिशमध्ये हे एका क्रियापदावर थांबलं नाही : बेंद्रे, पोंद्रे, साल्द्रे, बाल्द्रे ही सगळी त्याच साच्यातली. काही काळ ‘तेर्ने’ असंही रूप चालत होतं, म्हणजे भाषेनं त्याच अडचणीवर दुसरा उपाय करून पाहिला आणि मग सोडून दिला. इटालियननं तिथं ‘तेर्रो’ केलं. तेंद्रेच्या साच्यात प्रत्यय बदलले की तेंद्रिया, तेंद्रियास हा ‘झालं असतं, केलं असतं’चा काळही हातात येतो. अपूर्ण भूतकाळ ‘तेनिया’ तर पूर्णपणे नियमित आहे. स्पॅनिशमध्ये त्या काळात सेर, इर आणि बेर ही तीनच क्रियापदं वेगळी वागतात. आज्ञार्थातलं ‘तेन’ हे छोटं रूप तेवढं या हिशेबाबाहेर राहतं, आणि तेही पोनेरच्या ‘पोन’, बेनिरच्या ‘बेन’ यांच्या पंक्तीत बसतं.

इथं एक गंभीर आक्षेप घेता येईल. जे रूप ध्वनिनियमानं निघत नाही त्याला ‘दुसऱ्याचं वळण उचललं’ म्हणायचं, ही पळवाट नाही का? अशा रीतीनं काहीही सिद्ध करता येईल. आक्षेप रास्त आहे, पण या वळणानं पुढची रूपं ओळखता येतात का, हे तपासलं की तो टिकत नाही. तेनेरला उपसर्ग लागून बनलेली क्रियापदं पुष्कळ आहेत : मांतेनेर (टिकवणं, सांभाळणं), ओब्तेनेर (मिळवणं), देतेनेर (थांबवणं), कोंतेनेर (सामावून घेणं), सोस्तेनेर (आधार देणं). ही सगळी चारही जागी तेनेरच्याच मागून जातात : मांतेंगो, ओब्तिएने, देतुबे, कोंतेंद्रा. जे खरोखर बेशिस्त असतं ते असं एकसारखं वागत नाही. वेनेझुएलात जन्मलेले आणि चिलेत स्थिरावलेले व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७च्या आपल्या व्याकरणात हाच मार्ग दाखवला. धातूतला एक बदल कोणकोणत्या रूपांत एकत्र जातो हे पाहून त्यांनी रूपांची घराणी लावली, आणि अनियमितता ठरवताना अक्षरांपेक्षा उच्चाराकडे पाहावं असा आग्रह धरला. तक्ता काळांप्रमाणे आडवा वाचण्यापेक्षा धातूंप्रमाणे उभा वाचावा, हा त्यांचा दृष्टिकोन शिकणाऱ्याच्या आजही कामाचा आहे.

दुसरा प्रश्न असा की एवढी शतकं उलटली, तर भाषेनं ही रूपं सपाट का केली नाहीत? उत्तर वापरात आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये क्रेएरचा भूतकाळ ‘क्रोबे’ होता, तुबेसारखाच. आज तो नियमित ‘क्रेई’ आहे. मेतेर (आत घालणं) याचं ‘मिसे’ जाऊन ‘मेती’ आलं. भविष्यकाळात ‘बिब्रा’, ‘देब्रा’ अशी आखूड रूपं होती, त्यांच्या जागी बिबिरा, देबेरा स्थिरावली. तेनेर, पोनेर, बेनिर मात्र हलली नाहीत. अनियमित रूप टिकायचं तर ते इतक्या वेळा कानांवर पडावं लागतं की बोलणाऱ्याला ते घडवावं लागत नाही, आठवतं. वापर थोडा विरळ झाला की नियम आत शिरतो; म्हणूनच आजही काही स्पॅनिश भाषकांच्या तोंडी ‘अंदुबे’ऐवजी ‘अंदे’ येतं आणि शिक्षक ते सुधारतात. लहान मुलं ‘से’ (मला माहीत आहे) न म्हणता ‘साबो’ म्हणतात. त्यांना नियम कळलेला असतो, आठवण अजून पक्की झालेली नसते. मराठीची साक्षही हीच आहे. केला, गेला, आला, दिला, घेतला, झाला ही वेगळी रूपं आपल्या सर्वांत जास्त वापरातल्या क्रियापदांची आहेत आणि मराठी मुलंही आधी ‘करलं’ म्हणतात. अनियमितता हे दुर्लक्षाचं लक्षण नव्हे, सततच्या वापराचं लक्षण आहे. शिकणाऱ्यासाठी यात दिलासा आहे : अशी क्रियापदं थोडीच असतात आणि ती वारंवार भेटतातच.

तरीही कुणी म्हणेल, माद्रिदच्या भाजीवाल्याला यातलं काही ठाऊक नसतं आणि त्याचं काही अडत नाही. मग आपण इतिहासाचं ओझं का वाहायचं? त्या भाजीवाल्यानं बालपणापासून ही रूपं असंख्य वेळा ऐकली आहेत. पुण्यात किंवा नागपुरात आठवड्यातले थोडे तास स्पॅनिशला देणाऱ्या प्रौढाकडे तेवढं ऐकणं नसतं. त्याच्याकडे तर्क असतो, आणि तो न वापरणं हे स्वतःचं नुकसान आहे. ऐकण्या-बोलण्याचा सराव त्यानंही करायचाच आहे, पण कशाचा सराव करायचा हे तर्क ठरवतो. अर्थात ही मांडणी सगळीकडे सारखी पुरत नाही, हेही मान्य करायला हवं. इर (जाणं) याची बोय, इबा, फुइ ही रूपं एका धातूची नाहीतच. लॅटिनमधली तीन वेगवेगळी क्रियापदं तिथं एकत्र आली आहेत. आपलं ‘जाणे’ही तसंच आहे : ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूकडून आलं, ‘गेला’ हे ‘गत’कडून. अशा ठिकाणी आघात किंवा स्वरलोप काही उलगडून दाखवत नाही, जोड मान्य करूनच पुढं जावं लागतं. पण तिथंही फुइ एकदा कळलं की फुएरा, फुएसे आपोआप येतात. धातू कळला की घराणं कळतं, हे तत्त्व तिथंही मोडत नाही.

तेव्हा तेनेरचा तक्ता उघडला की पाच शब्द ओळीनं म्हणावेत : तेनेर, तिएने, तेंगो, तुबे, तेंद्रे. मग पुस्तक मिटून प्रत्येकापासून निघणारी रूपं स्वतः लिहावीत आणि शेवटी तक्त्याशी ताडून पाहावीत. चुका झाल्या तर त्या नेमक्या कोणत्या धातूत झाल्या ते कळेल, आणि सुधारणा तेवढ्याच जागी करावी लागेल. याच रीतीनं पोनेर (पोने, पोंगो, पुसे, पोंद्रे) आणि बेनिर (बिएने, बेंगो, बिने, बेंद्रे) आठवडाभरात सोडवून पाहावीत. पुढच्या लेखात ‘असणं’ या एकाच अर्थाच्या दोन क्रियापदांकडे, सेर आणि एस्तार यांच्याकडे वळू. त्यांतलं एस्तार आज तुबेच्या रांगेत भेटलंच आहे. सेरला मात्र ही किल्ली कुठवर लागते ते तपासावं लागेल.