पुरुषांचे अबोल मन आणि कलेचा आधार



आपल्या माणदेशी मुलखात एखाद्या बाप्याला ‘कसं काय, बरं हाय का?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. ‘बरं हाय की.’ डाळिंबाची बाग तेल्याने गेलेली असो, सोसायटीचे कर्ज थकलेले असो, की पोलीस भरतीच्या यादीत तिसऱ्यांदा नाव आलेले नसो, उत्तर तेच. बाईच्या मनाला काही झाले तर निदान चार शेजारणींना कळते. पुरुषाच्या मनाला काही झाले तर पुष्कळदा घरच्या माणसांनाही कळत नाही, आणि कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत दहांतील सात पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६.

पुरुष बोलत का नाहीत? ‘लाजतात’ असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येणार नाही. आपल्याकडे बाईला जाते होते. पहाटे दळताना सासरचा जाच, माहेरची आठवण, मेलेले लेकरू हे सारे ती ओवीत घालत असे. ओवी जात्यापुढे गायिलेली असल्याने कोणी तिला जाब विचारीत नसे. पुरुषाच्या वाट्याला आला तो पोवाडा, तो दुसऱ्याच्या पराक्रमाचा. गजीनृत्य आले, कुस्तीचा फड आला, त्यांतही जोर आणि रुबाब. स्वतःचे दुःख ठेवायला जागा कोठेच नव्हती. आपली भीमगीतेसुद्धा (हे मी टीका म्हणून नव्हे, आपुलकीने लिहितो) बहुतांशी बाबासाहेबांच्या थोरवीची आहेत. ती गाताना गळा भरून येतो, परंतु गाणारा स्वतःविषयी क्वचितच काही सांगतो.

तरीही आपल्याच समाजात एका बापाला बोलते केल्याचे उदाहरण आहे. दामोदर रुंजाजी जाधव हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील ओझरचे. गावकीची कामे करताना अपमान सोसला, मार खाल्ला, म्हणून गाव सोडून मुंबईस आले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते होते. पुढे मुंबईच्या गोदीत नोकरी केली, मुलांना शिकविले. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना रिकामपण सोसवेना. घरातील वस्तू उघडून दुरुस्त करीत बसायचे, आणि घरचे त्या दुरुस्तीला कंटाळायचे. तेव्हा धाकटे चिरंजीव, अर्थशास्त्रज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांनी त्यांना आपल्या आयुष्याची कहाणी लिहून काढा म्हणून गळ घातली. अल्पशिक्षित बापाने आपल्या बोलीत, आपल्या अक्षरात लिहावयास सुरुवात केली. १९८९ साली ते गेले. त्या लेखनाच्या आधारे १९९३ साली ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक निघाले, आणि ते पुढे अनेक भाषांत गेले.

पुस्तक गाजले ही गोष्ट वेगळी. मला महत्त्वाचे वाटते ते मुलाने बापास काय विचारले हे. ‘तुमचे मन का लागत नाही?’ असे विचारले असते तर बापाने ‘काही नाही’ म्हणून पुन्हा एखादे यंत्र उघडले असते. मुलाने विचारले ते काम, गाव, प्रवास यांविषयी. आणि त्या वाटेने माणूस हळूहळू स्वतःपाशी येतो. हातात काम आणि समोर वही असली की नजरेला नजर द्यावी लागत नाही. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून निवृत्त पुरुषांसाठी गावोगावी सुतारकामाच्या शेड निघाल्या, त्यांचेही मर्म हेच. पुरुष समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी बसून रंधा मारताना बोलतात.

दुसरी वाट दया पवारांनी दाखविली. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’ची मांडणी विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि शिकलासवरलेला दया पवार ती ऐकतो. दोघे एकच! जे सांगायला शरम वाटते ते दगडूच्या तोंडी घातल्यामुळे सांगता आले. ‘मी’ म्हणता येत नाही तेथे ‘तो’ म्हणून सुरुवात करावी, ही युक्ती साहित्यिकाची खरी, परंतु मनाच्या दुखण्यालाही ती लागू पडते. आपल्या शेजारच्या आटपाडीचे शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) आणि आपल्याच जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्याचे शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) ही याच परंपरेतली. या पुस्तकांचे सामाजिक मोल सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुरुषांनी आपली भीती, भूक आणि लाज एवढ्या उघडपणे मांडणे हेही मराठीत त्यापूर्वी फारसे घडलेले नव्हते.

कोणी म्हणेल, रडगाणे गाणे हे धम्माच्या उपासकाला शोभते काय? त्यांनी ‘थेरगाथा’ उघडून पाहावी. त्यात सप्पदास नावाच्या थेराने स्वतःविषयी सांगितले आहे की, प्रव्रज्या घेऊन पंचवीस वर्षे झाली तरी मनाला शांती मिळाली नाही, हात वर करून रडत आपण विहाराबाहेर पडलो, जगण्यात अर्थ नाही असेही मनात आले. शेवटी त्याचे चित्त मुक्त झाले. तथापि ती पंचवीस वर्षे त्याने लपविली नाहीत, आणि संग्रह करणाऱ्यांनीही ती गाळली नाहीत. खुद्द बाबासाहेबांचा मुलगा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा मित्र दत्तोबा पवार यांस लिहिलेल्या पत्रात आपण व रमाई त्या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव आणण्यात अर्थ नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली आहे. ज्यांनी हे पत्र वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

लिहिल्याने नेमके काय होते, याचाही अभ्यास झालेला आहे. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील दुःखद प्रसंगाविषयी लिहावयास सांगितले. ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. लिहून होताच मात्र त्यांना बरे वाटले नाही, उलट थोडे खिन्नच वाटले. हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाही तर पहिल्याच दिवशी वही अडगळीत जाते. मनातला गुंता शब्दांत आणताना त्याला आगापिछा द्यावा लागतो, आधी काय झाले, मग काय झाले हे लावावे लागते. तेवढ्यानेच तो गुंता थोडा आवाक्यात येतो, असे यामागचे एक कारण सांगतात.

आता आपल्या विहारात काय करता येईल? वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आपण करतोच. आठवड्यातील एक संध्याकाळ वाचनानंतर पुरुषांसाठी ठेवावी. पेटी, ढोलकी आपल्याकडे आहे. वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते, मुंबईत मोठेपणी अक्षरे शिकले आणि १९४३ पासून गाणी रचू लागले. तेव्हा ‘मला लिहिता येत नाही’ ही सबब कोणी सांगू नये. ज्याला लिहिता येत नाही त्याचे सांगणे एखाद्या विद्यार्थ्याने उतरून घ्यावे. विषय साधे द्यावेत : माझी पहिली मजुरी, वडिलांचा हात, दुष्काळाचे साल, आटलेली विहीर. तरुण मुलांसाठी ‘देवराई’ (२००४) किंवा राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविलेला ‘कासव’ हा चित्रपट दाखवावा. पहिल्यात स्किझोफ्रेनियाने, दुसऱ्यात नैराश्याने घेरलेला पुरुष आहे. नंतर ‘त्या पोराचे काय चुकले, घरच्यांनी काय करायला हवे होते?’ एवढेच विचारावे. पोरे त्याच्याविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागतात.

पथ्ये मात्र कडक पाळावी लागतील. मोबाईलवर चित्रीकरण नको. स्पर्धा नको, नारळ-शाल नको, अध्यक्षीय भाषण तर नकोच. ऐकलेली गोष्ट चावडीवर किंवा पंढरपूरच्या एस.टी.त सांगायची नाही. एकाने सांगितली की पुढच्या आठवड्यात कोणी येणार नाही. कोणी रडला तर त्याला समजुतीचे चार शब्द सांगण्याची घाई करू नये, पाणी द्यावे आणि थांबावे. दारूचा वास येत असलेल्या माणसाला हाकलूनही देऊ नये. त्याला शेवटी एकट्याला भेटावे.

आणि गाण्याने आजार बरा होतो असा समज कोणी करून घेऊ नये. झोप आठवडेच्या आठवडे उडालेली, जेवण तुटलेले, कामावरून मन उडालेले, कानात आवाज येतात अशी तक्रार, किंवा ‘माझ्यामागं पोरांचं बघा’ अशी निरवानिरव यांपैकी काही दिसले तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. माणूस जिवाचे काही करून घेण्याविषयी बोलला, तर त्याला तसे सरळ विचारावे; विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नये, औषधाची फवारणी घरातून हलवावी. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावयाचे आहेत. पोलिसांचे लचांड नको म्हणून दवाखाना टाळणाऱ्या घरांना ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सांगावी, आणि हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवावा.