सप्ताहाच्या बॅनरपासून आधारच्या नंबरापर्यंत : फोटोतले 'लेअर' समजून घ्या

गावात सप्ताह ठरला की बॅनरची घाई सुरू होते. सात दिवसांचे सात कीर्तनकार, वेळ, अन्नदात्यांची नावं. बॅनर ग्रुपवर पडतो आणि दोन दिवसांनी कळतं, चौथ्या दिवसाचे महाराज येणार नाहीत, दुसरे येणार. बॅनर करणारा पोरगा म्हणतो, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. एका नावासाठी? हो, कारण त्याने लेअर ठेवलेले नसतात.

लेअर म्हणजे थर. वहीला घालतो तसलं पारदर्शक प्लास्टिक डोळ्यांसमोर आणा. एका कागदावर देवळाचा फोटो, दुसऱ्यावर विठ्ठलाचा, तिसऱ्यावर नावं. एकावर एक ठेवले की वरून एकच चित्र दिसतं, पण प्रत्येक कागद वेगळा सरकवता येतो, काढता येतो. फोटोशॉपमध्ये ही सोय 1994 साली आली. आज पिक्सेललॅब, पिक्सआर्ट यांसारख्या मोबाईल अ‍ॅपमध्येही तीच पद्धत आहे.

नाव टाकलं पण दिसतच नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा नाव गेलेलं नसतं, फोटोच्या खाली दबलेलं असतं. लेअरच्या यादीत जाऊन ते बोटाने वर ओढा. यादीत डोळ्याचं चिन्ह असेल तर तो थर तात्पुरता लपवता येतो. कुलूप असेल तर लावून टाका, म्हणजे नाव सरकवताना मागचा फोटो हलत नाही. लहान स्क्रीनवर जाड बोटांनी काम करणाऱ्याला हे कुलूप फार कामाचं.

आता मुख्य गोष्ट. बॅनर जेपीजी म्हणून सेव्ह केला की सगळे थर चिकटून एकच चित्र होतं. मग नाव सुटं निघत नाही. फ्लेक्सवाला तिथे पांढरी पट्टी मारून नवं नाव टाकतो आणि ते ठिगळ लांबूनही दिसतं. म्हणून फोटोबरोबर अ‍ॅपमधला 'प्रोजेक्ट' पण सेव्ह करायचा. ग्रुपवर जेपीजी पाठवा, प्रोजेक्ट आपल्याकडे ठेवा. फ्लेक्सवाल्याला फाईल देताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन छपाईत अक्षरं फाटतात.

पण थर वेगळे राहतात, याचा धोकाही आहे, आणि तो बॅनरपेक्षा मोठा आहे. बरेच जण आधार कार्डाचा नंबर मोबाईलच्या काळ्या मार्करने खोडून पुढे पाठवतात. काही मार्कर अर्धवट पारदर्शक असतात. आपल्याला नुसतं काळं दिसतं, पण समोरच्याने फोटोचा उजेड वाढवला की आकडे वर येतात. पीडीएफचं तर आणखी अवघड. त्यावर काळी पट्टी नुसती वर ठेवली, तर खालची अक्षरं फाईलमध्ये तशीच राहू शकतात. पट्टी बाजूला सारली किंवा मजकूर कॉपी केला, की नंबर हातात.

खोडायचंच असेल तर मार्कर नको, भरीव चौकोन टाका. त्याची ओपॅसिटी 100 आहे ना ते बघा. मग जेपीजी करा. इथे थर चिकटणं आपल्या फायद्याचं आहे. पाठवण्याआधी स्वतःच त्या फोटोचा उजेड पूर्ण वाढवून बघा. काही दिसलं तर परत करा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' डाऊनलोड करणं. त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात, शेवटचे 4 दिसतात. पूर्ण नंबर लागत नाही तिथे हेच द्या. पूर्ण नंबर लागत असेल तर तो अधिकृत ठिकाणीच भरा, गावच्या ग्रुपवर टाकू नका.