टायमिंग मडक्यासारखं वाजवून कळत नाही

कुंभार पिंपळगावच्या नावातच कुंभार आहे. मडकं वाजवून घ्यावं, हे इथे कुणाला शिकवायला नको. पण कुर्ल्यात बनलेल्या १०८९ सीसीच्या जुन्या पद्मिनीचं टायमिंगही असंच कानाने लावतात. डिलको (डिस्ट्रिब्युटर) सैल करायचा, फिरवायचा, इंजिन सुसाट झालं की आवळायचा. कानाला ऐकू येतं ते उभ्या गाडीचं इंजिन. नॉकिंग होतं ते पाच माणसं बसवून चढ चढताना.

‘टायमिंग जितकं पुढे, तितकी ताकद’ हे अर्धंच खरं. पेट्रोलला जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकतात. मात्र दाबाचा सगळा जोर पिस्टन खाली वळल्यानंतर, साधारण १५ अंशांवर यायला हवा. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो; हे लांबलं तर त्याला भोकही पडतं. उशिरा पडली तर ताकद जाते, इंजिन तापतं, आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरवर येतो.

‘थोडासाच फिरवला’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं: डिलको क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो ५ अंश हलवला की टायमिंग १० अंश सरकतं.

डिलकोतल्या पॉइंटच्या गॅपचा टायमिंगशी संबंध नाही, हीही भूलच. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि ठिणगी मागे पडते. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

ऊसपट्ट्यात इथेनॉलमुळे नॉकिंग वाढतं असं ऐकू येतं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, तेव्हा प्रकार उलटा. त्याचा खरा त्रास जुन्या रबरी पाइपांना. डिझेल जीपला तर ठिणगीच नसते. तिथे टायमिंग पंपाचं.

टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. एक वायर कॉइलच्या डिलकोकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून पुलीची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर लावा, स्विच चालू करा. डिलको आधी रोटरच्या दिशेने फिरवून बल्ब विझवा, मग हळूहळू उलट फिरवा. बल्ब पेटला की तिथेच आवळा.