आधी सुईचे टोक

माळ्यावरची जुन्या रेकॉर्डची पेटी खाली येते, घरात टर्नटेबल येते आणि काही महिन्यांतच प्रश्न उभा राहतो: आवाज आणखी चांगला हवा असेल तर आधी काय बदलायचे? स्पीकर, ॲम्प्लिफायर, कार्ट्रिज की टर्नटेबलच? उत्तरे परस्परविरोधी मिळतात, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. सर्वांत जास्त पैसे कशावर घालावेत, हा एक प्रश्न. सर्वांत आधी काय बदलावे, हा दुसरा. पहिल्याचा निवाडा कानाने करावा. दुसऱ्याचा मात्र रेकॉर्डचे हित बघूनच व्हायला हवा. जी वस्तू झिजली की पुन्हा मिळत नाही, तिला जपणारा बदल पहिला.

हा वाद जुना आहे. एके काळी बहुतेकांची समजूत अशी होती, की टर्नटेबलचे काम फक्त रेकॉर्ड फिरवणे, खरा आवाज ठरवतो तो स्पीकर. १९७०च्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टीफेनब्रन यांनी आपल्या एलपी१२ या टर्नटेबलच्या आधारे उलट बाजू मांडली: खाचेतून जे उचललेच गेले नाही, ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. हा तर्क बिनतोड आहे. पण त्यावरून उगमाच्या यंत्रावरच सगळा पैसा ओतावा असे सिद्ध होत नाही. आवाजात सर्वांत ठळक फरक पाडतात ते स्पीकर आणि ते ज्या खोलीत वाजतात ती खोली, हेही तितकेच खरे. त्यामुळे या दोन्ही बाजूंपेक्षा वेगळा निकष लागतो, आणि तो सुईच्या टोकाशी सापडतो.

स्टिरिओ एलपीसाठीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते. तेवढ्या टोकावर दीड-दोन ग्रॅम वजन पेलत ती खाचेच्या दोन्ही भिंती घासत जाते. वीस मिनिटांच्या एका बाजूत हा प्रवास ४०० मीटरहून अधिक होतो. हिऱ्याच्या सुईचे आयुष्य ढोबळमानाने ५०० ते १,००० तास धरतात. हजार तासांत ती सुमारे १,३०० किलोमीटर घासलेली असते, म्हणजे जवळजवळ मुंबई ते दिल्ली रेल्वेने. रोज तासभर रेकॉर्ड ऐकणाऱ्या घरात एवढे तास तीन वर्षांच्या आत भरतात. झिजलेल्या टोकाला धारदार कडा येतात आणि त्या खाच कोरत जातात. पुढे सुई कितीही भारी आणली तरी कोरलेली खाच भरून येत नाही. म्हणून वापरलेले टर्नटेबल घरी आणले आणि सुईचे वय माहीत नसेल, तर पहिला खर्च नव्या सुईचा. घरात ७८च्या रेकॉर्डही असतील तर त्यांना वेगळी सुई हवी, कारण त्यांची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी खरडत राहते, आणि ७८ची सुई एलपीचे नुकसान करते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५सारख्या मालिकेत एकाच कार्ट्रिजवर दोन्हींसाठीच्या सुया बदलून लावता येतात.

त्यानंतरची पायरी जवळजवळ फुकटची आहे: स्वच्छता आणि जुळणी. खाचेतली धूळ सुईखाली भरडली जाते, म्हणून रेकॉर्ड धुणे हा शृंगार नव्हे, संरक्षण आहे. मात्र ७८ची लाखेची रेकॉर्ड अल्कोहोल असलेल्या द्रावणाने कधीही पुसू नये, लाख विरघळते. वजनकाट्यावर सुईचा दाब मोजावा आणि छापील मापकावर कार्ट्रिजचा कोन जुळवावा. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींवर आदळते. कोनाचे महत्त्व बाजूच्या शेवटी कळते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच सरकते, लेबलजवळ हाच वेग २१ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. ख्यालाच्या एलपीत नेमकी तिथेच अनेकदा द्रुतातली तान येते. ती फाटत असेल तर नव्या ॲम्प्लिफायरआधी मापक हातात घ्यावा.

तिसरा क्रमांक फोनो प्रीॲम्पचा. रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार उचलतात. १९५४पासून रूढ झालेल्या आरआयएए मानकानुसार वाजवताना हे उलट करावे लागते. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम पाच मिलिव्होल्टचा संकेत निघतो. तो थेट ॲम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला जोडला तर आवाज क्षीण आणि किनरा येतो. पुष्कळदा अशा वेळी दोष स्पीकरला दिला जातो.

यावर रास्त आक्षेप असा, की स्पीकर सुमार असतील तर या साऱ्याचा फरक ऐकू तरी येईल का? कमी येईल, हे मान्य. म्हणूनच वरच्या पायऱ्या झाल्यावर उरलेल्या रकमेचा मोठा वाटा स्पीकरला द्यावा, आणि त्याआधी ते भिंतीपासून पुढे-मागे सरकवून पाहावेत. पण सुमार स्पीकर रेकॉर्डला इजा करत नाही, तो दोन वर्षांनी बदलला तरी चालतो. दुसरा आक्षेप: स्वस्त टर्नटेबलवर महाग सुई वाया जात नाही का? जाते. बारीक धारेची सुई अचूक कोन मागते आणि डुगडुगणारा टोनआर्म तो टिकवू शकत नाही. म्हणून सुई भारी असण्यापेक्षा नवी आणि योग्य मापाची असावी. दाब बदलण्याची सोयच नसेल, तर तिथे टर्नटेबल बदलणे हाच पहिला खर्च ठरतो. महागड्या केबलींचा विचार सर्वांत शेवटी.

कोलकात्याजवळच्या दमदम इथल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात छापलेल्या कितीतरी नाट्यगीतांच्या आणि ख्यालांच्या रेकॉर्ड पुन्हा कधी निघाल्या नाहीत. यंत्रे दुकानात मिळत राहतील, त्या खाचा मिळणार नाहीत. यंदाच्या दिवाळीत या छंदासाठी थोडे पैसे बाजूला काढले असतील, तर ते आधी सुईसाठी ठेवावेत.