टक्के मिळाले, पुढचं कोण बघणार?

२०२५ मध्ये ३ डिसेंबर बुधवारी आला. काही जिल्हा रुग्णालयांत बुधवार हा दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डाचा दिवस. म्हणजे सभागृहात दिव्यांग दिनाचे हारतुरे, तीनचाकी सायकली आणि फोटो, आणि तिथून हाकेच्या अंतरावर ओपीडीच्या व्हरांड्यात मुलांना कडेवर घेऊन बसलेल्या बायका. बातम्या तुम्ही वाचल्या आहेतच. त्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांचा 'निराधारचा पगार', म्हणजे महिन्याचं सरकारी अनुदान, दीड हजारावरून अडीच हजारांवर गेला. बोगस प्रमाणपत्रांची पडताळणी जोरात आहे. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाला तीन वर्षं झाली. सगळं ठीक. पण या तिन्ही बातम्यांत साडेतीन वर्षांचं, अजून मान न धरणारं पोर कुठेच नाही. त्याची पडताळणी करायला अजून प्रमाणपत्र नाही, आणि अडीच हजारांनी त्याची मान धरली जाणार नाही.

बोर्डाच्या रांगेत बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा नसतो. 'किती टक्के बसले?' असा असतो. चाळीसच्या वर बसले तर योजना, खाली बसले तर नुसतं कार्ड. हा टक्का महत्त्वाचा आहे, नाही कोण म्हणतंय. पण गेली काही वर्षं आपली सारी व्यवस्था, आणि आमची पत्रकारिताही, त्या टक्क्यापाशीच येऊन थांबली आहे. टक्का मिळाल्यावर मुलाचं काय होतं? फिजिओ कुठे, स्पीच कुठे, अंगणवाडी घेणार का, शाळा घेणार का, आणि ही सगळी एकमेकांशी बोलतात का? नाही बोलत. बोलते ती आई.

तिच्या पिशवीत एकदा डोकावून बघा. जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड. कोपरे दुमडलेली एमआरआयची फिल्म. फिरत्या पथकानं अंगणवाडीत दिलेली चिठ्ठी, तिच्यावरची शाई आता फिकी. मार्चअखेर मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, म्हणजे पुन्हा तलाठी, पुन्हा सेतू. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, कारण चौथं टेबल झेरॉक्स कुठून करायची ते सांगत नाही. मूल पाच वर्षांचं झालं की आधारचे ठसे द्यावे लागतात. सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, असलेल्या मुलाची मूठ घट्ट आवळलेली असते, उघडायला गेलं की ते रडतं आणि मूठ आणखी आवळते. डोळा तिरळा असेल तर बुबुळाचा फोटोही नीट येत नाही. नियमात यासाठी अपवादाची सोय आहे. ती आधार केंद्रावरच्या मुलाला ठाऊक असेलच असं नाही. मग आई ती त्याला समजावून सांगते. म्हणजे आधारचे नियमही आता तिनंच पाठ करायचे.

या मुलाचे मालक किती, हे जरा मोजून बघू. अंगणवाडी महिला व बालविकासची. तपासणी करणारं पथक सार्वजनिक आरोग्याचं. साधी शाळा शालेय शिक्षणाची, स्पेशल शाळा दिव्यांग कल्याणची. निराधारचा पगार तहसीलमधून, एसटीची सवलत परिवहनची, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले दिव्यांगांसाठीचे ५ टक्के ग्रामविकासचे. कॅलिपर आणि खुर्ची केंद्राच्या योजनेतून, एक लाखापर्यंतचा 'निरामय' विमा दिल्लीच्या राष्ट्रीय न्यासाचा. आणि मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती. यातली एकही गोष्ट वाईट नाही. बहुतेक तर चांगल्याच आहेत. 'निरामय'मध्ये थेरपीचाही खर्च मिळतो आणि आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, हे मी ज्या पालकांना सांगितलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकलं.

विस्कळीतपणाची किंमत वेळेत मोजायची असते, आणि लहान मुलाच्या बाबतीत वेळ परत मिळत नाही. बहिरेपणाचंच घ्या. जगभरचे तज्ज्ञ सांगतात: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे 'मामापण उशिराच बोलला होता' यात दोन वर्षं सहज जातात. पुढे कुणीतरी जागं होतं, आणि नशिबानं कॉक्लिअर इम्प्लांट मंजूर होतं. काही लाखांचं यंत्र, ऑपरेशन सरकारी खर्चानं. कौतुकाची गोष्ट, बातमीही छापून येते. पण इम्प्लांट नुसता आवाज पोचवतं. त्या आवाजाचा शब्द करायला वर्ष-दोन वर्षं नियमित स्पीच थेरपी लागते. थेरपिस्ट जिल्ह्याच्या गावी, मूल तालुक्याच्याही पलीकडे. बापाचा रोज बुडतो, मग आठवड्याची खेप महिन्यावर जाते. त्यात यंत्राची वायर तुटते. ऑपरेशनला पैसे देणारी योजना एक, वायरीला सहसा कुठलीच नाही. काही लाख खर्चून मूल पुन्हा शांततेत, आणि कागदावर 'लाभार्थी'.

कॅलिपरचीही तीच तऱ्हा. शिबिरात माप घेतात, वाटपाचं शिबिर काही महिन्यांनी होतं. तोवर पोराचा पाय थोडाच माप धरून बसलाय!

याउलट एक उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात जादू काहीच नाही. जन्मतः वाकडा पाय, ज्याला क्लबफूट म्हणतात. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत बदलत पाय सरळ करतात, बहुतेक मुलांत टाचेच्या शिरेला छोटा छेद देतात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चौथ्या वर्षापर्यंत रात्री झोपताना. पाय पुन्हा वाकडा होतो तो बहुतेकदा हे बूट सोडल्यामुळे. मूल रडतं, आजी म्हणते काढा ते लोखंड, पाय तर सरळ झालाय. अशा वेळी सर्जनचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो दर महिन्याला फोन करून 'बूट घालताय ना?' असं विचारणाऱ्या आणि आजीशीही दोन शब्द बोलणाऱ्या माणसाचा. ज्या क्लिनिकांत असा समुपदेशक असतो, तिथे हा फोन प्लास्टरइतकाच उपचाराचा भाग मानतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हे क्लबफूटला चालतं, तर सीपीला, ऑटिझमला का नको?

हे म्हणणं नवं नाही. मुंबईत पन्नास वर्षांपूर्वी एका बाईंनी ते करून दाखवलं. मिथू अलूर यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. इथल्या डॉक्टरांनी हात झटकले, म्हणून कुटुंब इंग्लंडला गेलं. तिथे मुलीला शाळा मिळाली, थेरपी मिळाली, आणि मुख्य म्हणजे दोन्ही एकमेकांना ओळखत होत्या. परत आल्यावर १९७२ मध्ये अलूर यांनी कुलाब्यात तीन मुलांवर केंद्र सुरू केलं. त्यातून स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, आजचं नाव 'अडाप्ट'. तेव्हाचा प्रश्नही आजचाच होता: थेरपी आरोग्य खात्याची, शाळा शिक्षण खात्याची, मूल मात्र एकच. अलूर यांनी दोन्ही एका छपराखाली आणलं. फिजिओथेरपिस्ट आणि शिक्षिका एकाच टेबलावर बसून एकाच मुलाविषयी बोलू लागल्या. मालिनी पुढे सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, लंडनहून दोन पदव्युत्तर पदव्या घेऊन आल्या, एका बोटानं टंकून आत्मचरित्र लिहिलं.

पण मला अलूर यांच्या शाळेपेक्षा त्यांचा प्रबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. अंगणवाडीची योजना १९७५ ची, म्हणजे पन्नाशी गाठलेली. नव्वदच्या दशकात लंडन विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी अलूर यांनी हीच योजना तपासली. धोरणात लिहिलं होतं 'सर्व मुलं'. प्रत्यक्षात दिव्यांग मूल त्या 'सर्व'मध्ये बसत नव्हतं. कुणी हाकललं नव्हतं. कुणाला त्याला आणायला सांगितलंच नव्हतं. प्रबंधाच्या नावातच ही मुलं 'अदृश्य' होती. आणि केंद्र सरकारचा दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल कधी आला? २८ नोव्हेंबर २०२३ ला. तपासणी, अंगणवाडीत सामावून घेणं, आशा आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणं, अशा पायऱ्या त्यात आहेत. प्रोटोकॉल चांगलाच आहे. पोषण ट्रॅकर भरून बोटं दुखलेल्या अंगणवाडीताईंकडून त्यासाठी आणखी एका ॲपची अपेक्षा कुणी करू नये, एवढी प्रार्थना.

कारण ॲप आणि पोर्टल हा आपला आवडता उपाय. यूडीआयडी कार्डाचा उपयोग मी नाकारत नाही. देशभर चालणारं एक कार्ड, टक्क्याप्रमाणे पांढरा, पिवळा, निळा पट्टा, बोगसगिरीला आळा, हे सगळं हवंच. पण कार्ड ओळख पटवतं, फोन करत नाही. 'मागच्या बुधवारी का आला नाहीत?' हे पोर्टल विचारत नाही.

मग विचारायचं कुणी? इथे एक गंमत आहे. तो माणूस सरकारनं कागदावर आधीच नेमलेला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, आणि तोही आपल्याच पालघरमधून. जन्मापासून अठरापर्यंतच्या मुलांची तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. पथकाला शंका आली की मूल जिल्ह्याच्या 'डीईआयसी'कडे, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातं. तिथे कोण असावं याची यादी मार्गदर्शक सूचनांत आहे: बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक. आणि यादीच्या शेवटाकडे, सहसा कुणाचं लक्ष जात नाही अशी दोन पदं: सामाजिक कार्यकर्ता आणि व्यवस्थापक. ज्यांनी हे लिहिलं त्यांना नेमकं कळलं होतं काय कमी पडणार ते. पण मी पाहिलेल्या केंद्रांत व्यवस्थापक महिन्याचे अहवाल भरतो आणि सामाजिक कार्यकर्त्याला शिबिराच्या मांडवाची व्यवस्था बघायला पाठवतात. पदं कंत्राटी, माणूस शिकून तयार होतो तोवर दुसरी नोकरी बघतो.

अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा १९८६ चा कायदा आणि त्याचे नियम सांगतात की प्रत्येक मुलाच्या कुटुंबाचा एक लेखी आराखडा हवा, नोंद झाल्यापासून ४५ दिवसांत त्याची पहिली बैठक व्हावी, आणि त्यात समन्वयकाचं नाव लिहिलेलं असावं. पदनाम नव्हे, नाव. तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. इंग्लंडमध्येही अशाच आराखड्यासाठी २० आठवड्यांची मुदत आहे आणि अलीकडे ती निम्म्याच मुलांच्या बाबतीत पाळली जाते. पण मुदत आहे, म्हणून मोडली हे तरी कळतं. आपल्याकडे चिठ्ठी दिल्यावर ते मूल केंद्रापर्यंत पोचलं की नाही, याचा जाब कुणाला विचारायचा?

शाळेच्या दारात हीच गोष्ट पुन्हा सुरू होते. २०१६ च्या कायद्यानं सहा ते अठरा मोफत शिक्षण दिलं, जवळची शाळा किंवा स्पेशल शाळा, निवड कुटुंबाची. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक सांगितला, आणि २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करायला फर्मावलं. नेमणुका होतील तेव्हा होवोत. पण नव्या विशेष शिक्षकाच्या हाती पहिल्या दिवशी त्या मुलाचा मागच्या पाच वर्षांचा एकही कागद नसतो. थेरपिस्टनं काय केलं, कशानं मूल चिडतं, कुठल्या खुणेनं पाणी मागतं, हे सगळं पुन्हा आईलाच सांगावं लागतं. आई शेतात किंवा धुण्याभांड्यांना गेलेली असली तर तेही नाही.

मग विचारपूस करण्याचं हे काम डीईआयसीच्या सामाजिक कार्यकर्त्याकडे द्या म्हटलं, की आयुष्याला पुरणारे प्रश्न आहेत, एका पदानं सुटणार नाहीत, असं अधिकारी सांगतात. बरोबरच आहे. शिवाय खात्यांचे आपापले हट्ट आहेत: आरोग्याच्या कंत्राटी माणसानं शाळेला पत्र लिहिलं तर मुख्याध्यापक विचारणार, तुमचा काय संबंध? म्हणून त्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं एक पत्र हवं. पालकत्वाची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते, तेव्हा सही करणारा हात नवा शोधायला नको. आणि सुरुवात सगळ्या जिल्ह्याची करू नये. पथकानं गेल्या सहा महिन्यांत संशयित म्हणून पाठवलेल्या सहा वर्षांखालच्या मुलांची यादी घ्यावी, एका कार्यकर्त्याकडे झेपतील तेवढीच द्यावीत, आणि महिन्याच्या अहवालात 'किती तपासली'च्या शेजारी दोन रकाने वाढवावेत: किती पोचली, किती अजून येत आहेत. दुसऱ्या रकान्याचा आकडा पहिल्या काही महिन्यांत लाजिरवाणा असेल. तो छापायची तयारी असलेला एक तरी जिल्हा शल्यचिकित्सक या राज्यात असावा, असा माझा अंदाज आहे.