आपलं गाव कोणाच्या हद्दीत? मीरा रोडवरून समजून घेऊ



बैठकीत कर्ज-हप्त्याचं बोलणं संपलं की दाखल्यांचा विषय निघतोच. "तिथं गेले, तर म्हणाले हे आमच्याकडे नाही." मजुरी बुडते, गाडीभाडं जातं आणि काम तसंच राहतं. कारण एकाच गावाला वेगवेगळ्या कार्यालयांच्या हद्दी लागू असतात, आणि त्या एकमेकींशी जुळतातच असं नाही.

मीरा रोडचंच बघा. लेक तिथे दिली की आपण म्हणतो, "मुंबईला दिली." पण मुंबईची हद्द दहिसरला संपते. मीरा रोड आणि भाईंदर येतं ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात. भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, वसई. तो भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

आता तीन हद्दी वेगळ्या करू.

पहिली महसुलाची. राज्य, विभाग, जिल्हा, तालुका आणि खाली तलाठी. सातबारा तलाठ्याकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे, जातीचा दाखला प्रांताकडे. अर्ज सेतू केंद्रातून केला तरी सही यांचीच.

दुसरी स्थानिक कारभाराची. गावात ग्रामपंचायत, त्यावर पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. शहरात नगरपरिषद किंवा महापालिका. पाणी, दिवाबत्ती, घरपट्टी, जन्म-मृत्यूची नोंद ही कामं इथली. मीरा-भाईंदरलाही आधी ग्रामपंचायतीच होत्या. त्या एकत्र करून १९८५ मध्ये नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महापालिका. उत्तन, डोंगरी, राई, मुर्धे ही गावंही आज महापालिकेतच आहेत. त्यामुळे तिथे सरपंच नाही, नगरसेवक आहेत. पण शेताचा सातबारा अजून महसूल खात्याकडेच!

तिसरी पोलिसांची. २०२० मध्ये मीरा-भाईंदर आणि वसई-विरार मिळून एकच पोलीस आयुक्तालय झालं. म्हणजे जिल्हे दोन, महापालिका दोन, पण पोलीस आयुक्त एक.

हे आपल्याला कशाला हवं? शहराजवळची गावं पुढे-मागे शहरात जातात. तसं झालं की घरपट्टी भरायची जागा बदलते, आणि ग्रामसभाही राहत नाही. आज ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथे नळाचा, दारूचा, अंगणवाडीचा प्रश्न आपण स्वतः उभं राहून मांडू शकतो. महापालिकेत अशी गावाची सभा नसते. नगरसेवकाला गाठावं लागतं, नाहीतर प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. म्हणून ग्रामसभा आहे तोवर ती सोडू नका. स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, गावातही आणि शहरातही. तिथे बसलेली बाई आपलीच आहे, तिला विचारा.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहा: आपली ग्रामपंचायत किंवा प्रभाग, तलाठी कार्यालय, तालुका, जिल्हा, पोलीस ठाणे. जिला लिहिता येत नाही तिला वाचून दाखवा. लेक शहरात असेल तर तिच्याही पाच ओळी तिच्याकडून मागवून घ्या. घराबाहेर पडण्याआधी ते पान बघितलं, तर एक दिवसाची मजुरी वाचेल.